बोला वापस

निखाडे कंपाउंडर गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलेला कोणीच म्हणणार नाही. पण माझी बायको कमल त्याच्यामुळे पुढं तीस वर्षांहून जास्त माझ्या घरात वावरली, पापड लाटले, माझ्याशी भांडली, आणि मागच्या हिवाळ्यात म्हातारी होऊन झोपेत गेली. दम्यानं नाही गेली. ह्या एका गोष्टीसाठी त्या माणसाबद्दल लिहून ठेवतो.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. आम्ही जागचे हललो नाही, राज्यच बदललं. मी पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीला, विटांचा मिस्त्री. शिक्षण सातवी, तेही एकदा नापास होऊन. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं पेरूचं झाड. आमच्या सेक्टरात एक छोटा दवाखाना, त्याला औषधाची एक खिडकी, आणि त्या खिडकीत निखाडे.

खिडकी म्हणजे हातभर भोक. त्यातून त्याचं टक्कल, जाड चष्मा आणि कानावरची पेन्सिल तेवढी दिसायची. पेन्सिल एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. पुडी अशी घडी करायचा की फेकून मारली तरी सुटणार नाही. वर लिहायचा नाही, चित्र काढायचा. सकाळची गोळी असली की अर्धा सूर्य. जेवून घ्यायची असली की ताट. उपाशीपोटी असली की रिकामं ताट. वाचता येणारे साहेबलोकही त्याच्याकडून सूर्य आणि ताटच घेऊन जायचे.

एवढं करून पुडी हातात द्यायचा नाही. आपल्या मुठीत धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "बोला वापस."

म्हणजे मी आता जे सांगितलं ते तुम्ही मला सांगा. नाही सांगितलं तर पुडी नाही. मागं वीस माणसांची रांग असो, कोणाची बस सुटत असो. एक छत्तीसगढी म्हातारी रडकुंडीला आलेली मला आठवते.

"दे ना गा बाबू, बस छूट जाही."

"बस जाए दे दाई. गोली कब खाबे, बोल वापस."

"बिहनिया." म्हणजे सकाळी.

"खाली पेट?"

"नहीं गा, बासी खा के."

"जा."

हे "जा" म्हणजे त्याची शाबासकी. ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी त्याच्याकडं नव्हती. लोक त्याला मागून वापसबाबू म्हणायचे. त्याला माहीत होतं. कोणी चुकून तोंडावर म्हटलं तर म्हणायचा, "हाव, तोच. बोला."

कमलला दमा जुना होता, पण त्या वर्षी छाती इतकी भरली की मोठ्या दवाखान्यात नऊ-दहा दिवस ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. काही महिने घ्याव्या लागतील म्हणाले. दर पंधरा दिवसांनी पुडी आमच्या सेक्टरच्या खिडकीवर मिळणार. पहिल्या वेळी मी एकटाच गेलो.

चिठ्ठी बघून निखाडेनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "गोळी तुमी खाता का बाई?"

"बाई."

"मंग बाई आना."

"मले सांगा ना. मी ऐकतो, घरी सांगतो."

"ऐकाले तं हे भिंत पन ऐकते. वापस बोलत नाही. बाई आना."

मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि कमलला घेऊन आलो. तिला बघितल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला. म्हणाला, "बाई, हे गोळी म्हंजे जावई आहे."

कमल माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, माणूस सरकला.

"जावई कवा येते? सकाळी. त्याले उपाशी ठेवता का? नाही. आधी जेवन. घरात जावई आला हे सगळ्या गावाले सांगता का नाही? मंग कोन्याही डॉक्टरकडं गेल्या, दात उपटाले गेल्या तरी आधी हे सांगाचं. अन् जावयाले, चल ऊठ, नीघ, असं म्हनता का?"

"नाही बापा," कमल म्हणाली.

"मंग गोळी एकदम बंद कराची नाही. डॉक्टर हळूहळू कमी करन. त्याचं काम ते. माझं नाही, तुमचं नाही, मिस्त्रीचं तं नाहीच नाही."

मग त्यानं डावा हात खिडकीतून बाहेर काढला आणि एकेक बोट मिटून दाखवलं. करंगळी, सकाळी. तिच्या शेजारचं, पोटात घालून. मधलं, ताप-उलटी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. त्याच्या पुढचं, कोणाकडंही गेलं तर आधी सांगायचं. आणि अंगठा, एकदम बंद नाही. "अंगठ्यानं दाबल्याशिवाय मूठ होत नाही. बोला वापस."

कमल शाळेत गेलेली नव्हती. पण तिनं पाचही बोटं अशी मिटली की निखाडे नुसतं "जा" म्हणाला. घरी येईपर्यंत ती खुशीत होती. "पयल्या झटक्यात सोडलं मले," म्हणाली. स्वयंपाकघरात गोळीचं नाव जावई पडलं ते तिथून.

बाईला तो जावई सांगायचा, प्लांटवाल्याला भट्टी, छत्तीसगढिणीला बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात. माणूस बघून गोष्ट बदलायचा. बोटं तीच.

आता आमची चूक सांगतो. दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती.

दोन महिने झाले. श्वास सुधारला होता, पण झोप गेली होती. चिडचिड सुरू झाली. मी नुसती शिट्टी वाजवली तरी अंगावर यायची. खिडकीवर निखाडेनं विचारलं, "झोप?"

"येत नाही. दोन हप्ते डोळे उघडे."

"मंग?"

"मंग एक हप्ता येते. मस्त येते. मंग पुन्हा जाते."

निखाडेनं पुडी खाली ठेवली. "कोन्ता हप्ता?"

कमल लाजली. "यांची सी शिफ्ट, रातपाळी, असते तो."

रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. निखाडे हसला नाही. त्यानं पेन्सिल कानावरून काढली. "सी शिफ्टले तुमी कवा जेवता?"

"हे सकाळी सातले येतात, आंघोळ करतात, जेवतात. मंग मी."

"ए शिफ्टले?"

"हे दुपारी येतात तवा. तीन वाजतात."

"अन् बी शिफ्टले?"

"हे रात्री अकराले घरी येतात."

"तवा तुमी जेवता?"

"हाव. यांच्या आधी कशी जेवू?"

"अन् गोळी?"

"जेवल्यावर. तुमीच तं सांगतलं, पोटात घातल्याशिवाय नाही."

"मी सकाळी पन सांगतलं होतं."

"पन सकाळी पोटात काईच नसते ना, चहाशिवाय. मंग दोनातलं एक कसं तरी पाळलं."

निखाडेनं पेन्सिल परत कानावर ठेवली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, तुमच्या घरची गोळी पन रोटेशनमदे चालली. प्लांटात भरती झाली का ते? टोकन नंबर काय तिचा?"

सगळी रांग हसली. मला राग आला, पण कारण कळलं होतं. ही गोळी दुपारी-रात्री घेतली की झोप उडवते. माझी शिफ्ट फिरायची, माझं जेवण फिरायचं, त्याच्यामागं तिचं जेवण आणि तिच्या जेवणामागं गोळी.

"तुमची बायको तुमच्या आधी जेवली तं तुमचं काय झडते?" निखाडेनं विचारलं.

"काईच नाही. मी कवा म्हटलं, जेवू नको?"

"म्हटलं नाही. पन 'जेव' असंही म्हटलं नाही. आता म्हना. बोला वापस."

"काय बोलू?"

"कमलबाई सकाळी आठले जेवन. मी असो का नसो."

वीस माणसांसमोर मी ते बोललो. "जोरात," तो म्हणाला. मी जोरात बोललो. "जा. गोळी आजपासून जनरल शिफ्टची. रोज एकच टाइम."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी आठला कमल शिळी पोळी आणि दूध घेऊन बसली. भिंतीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून. चोरी करावी तशी जेवली. आठ दिवसांनी पाठ वळली. महिन्यानं ती मला म्हणायला लागली, "तुमी बसा, माझं झालं का देतो." झोप परत आली आणि घरात शांतता आली. मी त्या माणसाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर म्हणाला असता, पुढचा.

त्यानंतर निखाडे खिडकीवर एक जास्तीचा प्रश्न विचारायला लागला. "घरी कोन आधी जेवते?" नव्या लोकांना हा प्रश्न आगाऊ वाटायचा.

माणूस एकटाच होता. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कोणाला माहीत नाही. सगळ्यांनी स्कूटर घेतल्या, हा सायकलवर. कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. चहा बशीत ओतून, फुंकर न मारता, थंड होईपर्यंत बघत बसायचा. गणपतीत सगळे नाटक बघायला जायचे, हा मंडपाच्या मागं बसून मुलांना पुडी बांधायला शिकवायचा. एकदा तिथंच मी त्याच्याजवळ बसलो होतो. विचारलं, "निखाडेजी, हे वापस बोलाचं कुठून काढलं?"

त्यानं हातातली पुडी पूर्ण केली. म्हणाला, "एकदा मी बोलाले लावलं नव्हतं."

मी वाट बघितली. त्यानं दुसरा कागद घडी करायला घेतला. मी पुढं विचारलं नाही.

आता जे सांगायचं त्यात चूक माझी आहे. कमलची नाही.

त्या गोळ्यांनी तिचं तोंड गोल झालं. गाल वर आले, हनुवटी गेली. भूकही वाढली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी म्हणालं, "कमल, गोरीपान दिसून राहिली, काय खाते?" आणि दुसरी हळूच म्हणाली, "खाते नाही, फुगते." कमलनं ते ऐकलं. घरी येऊन तिनं आरसा भिंतीकडं वळवून ठेवला.

निखाडेनं तिला सांगितलं होतं, गोळी कमी होत गेली की तोंड आपोआप उतरन, मीठ-लोणचं कमी करा, तहान फार लागली तर सांगा, साखर बघावी लागते. डॉक्टरकडं पुढची तारीख महिन्याभरावर होती. पण महिनाभर कोण थांबतो? सुपेल्याच्या बाजारात एक माणूस दम्याच्या पुड्या देतो, जडीबुटी आहे, असं मला खात्यातल्या एकानं सांगितलं. मी जाऊन घेऊन आलो. कमलला म्हटलं, "सोड ते जावई. हे घे." तिनं पाच बोटं माझ्यासमोर धरली, अंगठा हलवून दाखवला. मी म्हटलं, "तो कंपाउंडर आहे, देव नाही." तिनं माझं ऐकलं.

आणि पुडी लागू पडली! श्वास मोकळा, अंगात जोर. मी सुपेल्याला जाऊन अजून आणल्या. खिडकीवरची तारीख गेली, आम्ही गेलो नाही. निखाडे मला रस्त्यात भेटला. सायकलवरून उतरला. "बाई आल्या नाहीत."

"बरी आहे ते. गावाले गेली," मी खोटं बोललो.

"गोळी घेऊन गेल्या?"

"हाव."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि गेला.

मग सुपेल्याचा तो माणूस दुकानाला कुलूप लावून कुठं तरी निघून गेला. पुड्या संपल्या. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमलला उलट्या सुरू झाल्या. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. हात उचलेना. मी लिंबू-साखरेचं पाणी देत बसलो. रविवारची दुपार होती. दारात सायकल लावल्याचा आवाज आला. निखाडे. पांढऱ्या कोटाशिवाय मी त्याला पहिल्यांदा बघितलं.

"गावाहून आल्या का?" एवढंच म्हणाला आणि आत शिरला.

तिच्या हाताची नाडी धरली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "गोळी?"

मी रिकामी पुडी पुढं केली. सगळं सांगितलं. त्यानं कागदाला लागलेली भुकटी बोटावर घेतली, बघितली, झटकून टाकली. "ह्याच्यात काय आहे हे देनाऱ्याले माहीत नाही, घेनाऱ्याले माहीत नाही. पन इतक्या लवकर इतका जोर कोन देते? नाव बदलून तोच जावई असन ह्याच्यात. मापाविना. अन् तोही हाकलून दिला तुमी."

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. कोपऱ्यावरच्या साहेबाच्या क्वार्टरात फोन होता. निखाडेच धावला. अॅम्ब्युलन्स आली. मोठ्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांना त्यानं एका दमात सांगितलं, किती महिने, कोणती गोळी, कधी बंद, कोणती पुडी, किती उलट्या. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर निखाडेनं मला शेंगदाणे दिले. मी एकही तोंडात टाकला नाही.

"मिस्त्री, तुमी कोक ओव्हनले ना?"

"हाव."

"बॅटरीचा गॅस उद्या एकदम बंद केला तं?"

हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बॅटरी म्हणजे आमच्या भट्ट्यांची रांग, सगळी सिलिकाची वीट. तापवताना महिने लागतात, एकेक डिग्री मोजून. एकदा तापली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. एकदम थंड झाली तर वीट तडकते, भिंतीच्या भिंती जातात. आमचे इंजिनियर त्या थर्मामीटरकडं देवासारखं बघायचे.

"वीट तडकन," मी म्हटलं.

"शरीर आपला मसाला आपन बनवते. बाहेरून गोळी मिळाली का ते बनवनं बंद करते, आळशी होते. त्याले पुन्हा कामाले लावाले वेळ पाह्यजे. म्हून हळूहळू. तुमी विटेची इतकी काळजी घेता."

त्यानं म्हणायची वाट मी बघितली नाही. मीच बोललो वापस. पाचही बोटं मिटली. अंगठ्याला आलो तेव्हा मला रडू आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

"जा," तो म्हणाला. "आत जा."

ह्यानंतर डॉक्टरांनी ठरवून दिलं तसं गोळी उतरत गेली. निखाडेनं आमच्या कॅलेंडरवर सूर्य काढून दिले. जेवढा सूर्य तेवढी गोळी. एका महिन्यात पूर्ण सूर्य. मग कडेनं कापलेला. मग अर्धा, मग पाव. मधे एकदा छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा दोन पायऱ्या वर नेलं. कमल हिरमुसली. निखाडे म्हणाला, "जावई जाताजाता चप्पल विसरला, वापस आला. जाईन." शेजारच्या घरात पोराला माता, म्हणजे कांजण्या, निघाली तेव्हा निखाडेनं कमलला त्या घराची पायरी चढू दिली नाही. ह्या गोळीवर असताना असली लागण फार वाईट, म्हणाला. कमलनं त्यांचा डबा मला न्यायला लावला.

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानं तिच्यासाठी एक कार्ड बनवलं. लाल पेन्सिलीनं, हिंदीत: ही बाई स्टिरॉइडवर आहे, एकदम बंद करू नका, उलटी होत असेल तर इंजेक्शनचं बघा. खाली डॉक्टरांची सही आणून दिली. "हे पोलक्यात शिवा नाही तं कमरेले बांधा. पन अंगावर पाह्यजे."

ते कार्ड अहिवाऱ्याला कामी आलं. माझा साडू तिकडं चुन्याच्या खाणीवर होता, त्याच्या पोरीच्या लग्नाला आम्ही गेलो. मांडवातलं काही तरी कमलला बाधलं. सकाळपासून चार उलट्या, गोळीही उलटीत गेली. तिथला डॉक्टर नवा पोरगा होता. ऊन लागलं म्हणाला, पाणी पाजा. कमल खाटेवर आडवी. तिनं कमरेच्या बटव्यातून पुठ्ठा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. चेहरा बदलला.

"माताजी, ठीक है, मैं समझ गया."

"समझ गया तो बोलो वापस," कमल म्हणाली.

डॉक्टर बघतच राहिला. मग बिचाऱ्यानं सगळं बोलून दाखवलं, इंजेक्शन दिलं आणि जीपनं आम्हाला भिलाईला पाठवलं. जीपमधे ती पडल्या-पडल्या हसत होती. निखाडेला हे सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. "डॉक्टरले?" म्हणाला. "माझी हिंमत नाही झाली कधी."

गोळी पूर्ण सुटली तेव्हा दुसरी संक्रांत येऊन गेली होती. तोंडाची सूज उतरली. आरसा सरळ झाला. जावई गेला तरी वर्षभर कार्ड जवळ ठेवा असं निखाडेनं बजावलं होतं. कमलनं जन्मभर ठेवलं. दम्यासाठी पुढं ओढायचा पंप आला, त्यावर तिचं चाललं. सकाळी आठचं जेवण मात्र सुटलं नाही. मी रिटायर झालो, घरीच असायचो, तरी ती आधी जेवायची. "जनरल शिफ्ट," म्हणायची.

निखाडे रिटायर व्हायच्या आधीची दोन वर्षं त्याच्या पुड्या सुटायला लागल्या. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग दिसलं, बोटांचे सांधे सुजले होते. सूर्य वेडावाकडा यायचा. खिडकीतून हात बाहेर काढणं त्यानं बंद केलं. कमल एकदा मला म्हणाली, "त्यांना विचारा." मी विचारलं. "उमर आहे," म्हणाला.

निखाडेनं क्वार्टर सोडलं त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तुमसरच्या पुढं खेड्यात त्याचा धाकटा भाऊ होता, तिकडं चालला होता. ट्रक दारात उभा. सामान किती? एक पलंग, एक कपाट, सायकल. रिकाम्या खोलीत निखाडे लोखंडी खुर्चीवर बसला होता. मांडीवर एक पुडी. पुडी दुसऱ्या कोणी बांधलेली, ढिली. वर सूर्य नाही, ताट नाही.

कमलनं ती उचलली, उघडली. गोळी तिनं बघताच ओळखली. "जावई?"

"हाव," तो म्हणाला. "माझ्या घरी पन आला. लग्न न करता."

आम्ही हसलो. मग तो म्हणाला, "खेड्यात मले कोन विचारन बाई? भाऊ भोळा आहे. तो म्हनन, दादा, तुले तं सगळं माहीत आहे."

कमल खाली, त्याच्या खुर्चीसमोर फरशीवर बसली. पुडी आपल्या मुठीत धरली. म्हणाली, "बोला वापस."

तो तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, चिडेल. त्यानं डावा हात पुढं केला. करंगळी मिटायला वेळ लागला. "सकाळी." तिच्या शेजारचं. "पोटात घालून." मधलं. "ताप-उलटी, त्याच दिवशी डॉक्टर." त्याच्या पुढचं. "कोनाकडंही गेलो, आधी सांगाचं."

आणि थांबला. अंगठा तसाच उभा. ट्रकवाल्यानं बाहेर हॉर्न दिला. निखाडे अंगठ्याकडं बघत होता.

कमलनं हात पुढं करून त्याचा अंगठा हळूच मिटवला. "एकदम बंद नाही," ती म्हणाली.

निखाडे हसला. "पास," म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी एकदाच ऐकला. मग कमलनं आपल्या बटव्यातलं पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. त्यानं परत केलं. "तुमच्याजवळ राहू द्या. मी माझं बनवीन."

त्या अंगठ्यावरून आम्ही नवरा-बायको पुढं कितीदा भांडलो. ती म्हणायची, त्यानं अंगठा मुद्दाम सोडला, माझी परीक्षा घेतली. तीस वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडलेली गोष्ट तो विसरेल का? मी आधी नाही म्हणायचो, मग म्हणायचो, घेतली असेल. तिला त्या "पास"चा फार अभिमान होता. मागच्या हिवाळ्यापासून भांडायला कोणी नाही. सकाळी आठला मी एकटा जेवतो.

तिला मी एक सांगितलं नाही. ट्रक निघाला तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती, तिनं बघितलं नाही. मी बघितलं. निखाडे ड्रायव्हरच्या बाजूला बसला होता, पुडी मांडीवर. ट्रक वळणावर हळू झाला. तो आपल्या डाव्या हाताकडं बघत होता. ओठ हलत होते, पाठ केल्यासारखे. चार बोटं मिटलेली होती, आणि अंगठा तो उजव्या हातानं धरून मिटवत होता. सोडायचा, आणि पुन्हा मिटवायचा.